पूर्ण अंतःकरणाने देवावर प्रीती: सवयीची झालेली भक्ती पुन्हा जिवंत कशी व्हावी?

प्रश्न (शिक्षिका, सोलापूर)

प्रभु येशूच्या नावात सर्वांना सलाम.

मी सोलापुरात एका शाळेत शिकवते आणि आमच्या घराण्यातील ख्रिस्ती विश्वासाची माझी तिसरी पिढी आहे. रविवारची उपासना, बुधवारची स्त्रियांची प्रार्थनासभा, गायकवृंदाचा सराव, रात्रीची कुटुंबप्रार्थना यांपैकी सहसा काही चुकत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला माझ्या ख्रिस्ती जीवनात नाव ठेवण्यासारखे फारसे सापडणार नाही. तरीही मार्काच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात प्रभूने जी पहिली आज्ञा सांगितली आहे, की आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण अंतःकरणाने, जिवाने, मनाने आणि शक्तीने प्रीती करावी, ती वाचनात आली की मी थबकते. मी देवाला मानते, त्याचे भय बाळगते, संकटात त्याच्याकडे धावते. पण मी त्याच्यावर प्रीती करते असे छातीठोकपणे मला म्हणता येत नाही.

पहाटे बायबल उघडून बसते खरी, परंतु पाण्याचा दिवस असला की ओठ स्तोत्र वाचत असतात आणि कान नळाकडे लागलेले असतात. पाणी नसलेल्या दिवशी मुलांचे डबे, तपासायच्या वह्या आणि सासूबाईंच्या औषधांच्या वेळा डोक्यात फिरत राहतात. आषाढात शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आमच्या शहरातून जाते. तो विश्वास माझा नव्हे, पण शेकडो किलोमीटर चालून टाचांना भेगा पडलेल्या बायका रस्त्याच्या कडेला बसून ज्या ओढीने आपल्या देवाविषयी बोलतात, ते ऐकताना मला स्वतःविषयी संकोच वाटतो.

प्रीती आज्ञेने उत्पन्न होऊ शकते का? मनात उमाळा नसताना केलेली प्रार्थना ढोंग ठरते का? "अधिक प्रार्थना करा" हे उत्तर मला पुष्कळदा मिळाले आहे. त्याच्या पुढचे काही असेल, तर कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त रविवारशाळा शिक्षक, सोलापूर)

ताई, सलाम.

प्रभूने जी आज्ञा सांगितली ती मूळची जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातील आहे, आणि ती तिथे ज्या संदर्भात येते तो पाहिला तर आपल्या निम्म्या शंकेचे उत्तर मिळते. 'पूर्ण अंतःकरणाने प्रीती कर' असे सांगून झाल्यावर लगेच पुढे इस्राएल लोकांना बजावले आहे की या गोष्टी आपल्या मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत राहा. म्हणजे ही प्रीती घरात, रस्त्यात आणि अंथरुणावर वाढायची आहे. तिला वेगळा डोंगर किंवा वेगळा एकांत लागतो असे तिथे म्हटलेले नाही. मनात उमाळा किती आला याची चौकशी तर त्या संपूर्ण अध्यायात कुठेच नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातही असेच आहे. प्रभूचा शिष्य पेत्र याने कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभे राहून प्रभूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी पुन्हा कोळशांचाच विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि सर्वांचे खाणे झाल्यावर प्रभु त्याला तीनदा विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" पेत्राने होकार दिल्यावर प्रभु दर वेळी त्याच्या हाती काम देतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. ज्या माणसाच्या भावनांचा भरवसा एका रात्रीत कोसळला होता, त्याच्याकडून प्रभूने पुन्हा भावनांचीच हमी मागितली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माझ्या लहानपणी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक आजी होत्या. दुपारभर उंबऱ्याशी बसून त्या बिड्या वळत असत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पान कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हात थांबत नसे आणि तोंडही थांबत नसे, कारण त्या सारा वेळ प्रभूशी मोठ्याने बोलत असत. त्यात स्तुती असे आणि भांडणही असे. पाने भोकांची निघाली, तपासणीत बिड्या बाद झाल्या, मुलगा पिऊन घरी आला, तर ते गाऱ्हाणे त्याच दमात प्रभूच्या कानी जाई. आम्ही मुले हसत असू. आज मला वाटते की स्तोत्रसंहिता त्यांना आम्हा शिकवणाऱ्यांपेक्षा अधिक कळली होती, कारण त्या पुस्तकातही "हे परमेश्वरा, किती वेळ?" असे विचारणारी स्तोत्रे आनंदाच्या स्तोत्रांच्या शेजारीच ठेवलेली आहेत. आपल्या डोक्यात डबे आणि औषधे येतात ना? ती बाजूला सारून मग प्रार्थना सुरू करायची असे कोणी सांगितले? तीच प्रार्थनेत घ्यावीत.

उत्तर २ (वाचक, पुणे)

सरांच्या उत्तराविषयी आदर आहे, तरीही एक हरकत नोंदवतो. 'आज्ञापालन म्हणजेच प्रीती' असे म्हणून आपण भावनेला फार लवकर निरोप देतो. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायात इफिस शहरातील मंडळीला लिहिलेले प्रभूचे पत्र पाहावे. त्या मंडळीचे श्रम मोठे होते, धीर होता, खोट्या प्रेषितांची पारख करून त्यांना तिने उघडे पाडले होते. आपल्याकडच्या कोणत्याही वार्षिक अहवालात अशा मंडळीला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आणि तिलाच प्रभु म्हणतो की तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस. ही तीच मंडळी, जिला पौलाने लिहिलेले पत्र प्रभूवर अक्षय प्रीती करणाऱ्यांना कृपा चिंतून संपते. तेव्हा काम चालू असताना प्रीती आटू शकते, आणि प्रभूला त्याचे दुःख होते, हे वचनच सांगते.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहिले आहे की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना सुमारे ८ वर्षांनी भेटला. एवढी विदुषी, एवढी प्रामाणिक स्त्री, आणि तिलाही ही तफावत जाणवली. सोलापूरहून पुण्याकडे येणारी गाडी दौंड सोडल्यावर ज्या केडगाववरून जाते, तिथल्या मुक्ती मिशनचे सारे काम या शोधानंतरचे आहे: दुष्काळातून आणलेल्या मुलींचा सांभाळ, १९०५ सालचे संजीवन (आध्यात्मिक जागृती), आणि हिब्रू व ग्रीक शिकून घेऊन केलेले बायबलचे मराठी भाषांतर, जे त्यांनी १९२२ साली मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत पुरे करत आणले. रमाबाईंनी आपली पोकळी कामाने झाकली नाही. म्हणून ताईंना जी उणीव जाणवते, तिची समजूत घालून ती मिटवू नये. ती जाणवते हेच चांगले लक्षण आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बिड्या वळणाऱ्या आजींविषयी वाचून डोळे भरून आले. पण अडचण तशीच आहे. प्रीती माझ्या हातात नसेल, तर मी नुसती वाट पाहायची का? आणि आज्ञापालन हाच मार्ग असेल, तर माझ्या कामांच्या यादीत आणखी दोन कामांची भर पडेल, एवढेच.

उत्तर ३ (कॅथलिक वाचक, वसई)

ताई, माझी परंपरा आपल्यापेक्षा थोडी निराळी आहे, परंतु हा प्रश्न दोघांचाही आहे.

आधी नळाविषयी. १६व्या शतकात स्पेनमध्ये होऊन गेलेली आविलाची संत तेरेसा ही प्रार्थनेची मोठी गुरू मानली जाते. तिने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेच्या तासात आपले लक्ष, हा तास कधी संपतो आणि घड्याळाचे ठोके कधी पडतात, याकडेच अधिक असे. ती उठून गेली नाही, एवढेच. तेव्हा उमाळा नसताना बसून राहणे हे ढोंग नव्हे. उमाळा असल्याचा आव आणणे हे ढोंग.

आता मुख्य मुद्दा. लूकच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात शिमोन नावाच्या परूशाच्या (धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथातील गृहस्थाच्या) घरी प्रभु जेवायला बसला असता गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री येते, आसवांनी त्याचे चरण भिजवते, केसांनी पुसते आणि त्यांना सुगंधी तेल लावते. शिमोनाला ते रुचत नाही. तेव्हा प्रभु त्याला दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो: एकाकडे सावकाराचे ५०० दीनार, दुसऱ्याकडे ५०, दोघांजवळ फेडायला काही नाही, आणि सावकार दोघांचेही कर्ज सोडतो. अधिक प्रीती कोण करील? शिमोन बरोबर उत्तर देतो, आणि मग प्रभु त्याला दाखवून देतो की तू मला पाय धुवायला पाणीसुद्धा दिले नाहीस.

या प्रसंगात शिमोन वाईट माणूस नाही. तो नेमाने वागणारा, घराण्याने धार्मिक, प्रतिष्ठित गृहस्थ आहे, आणि त्याची अडचण नेमकी तीच आहे. आपण जे पिढीजात ख्रिस्ती आहोत, ज्यांनी दारू पिऊन कोणाला मारले नाही, कोर्टाची पायरी चढली नाही, ते मनातल्या मनात स्वतःला ५० दीनारांच्या खात्यात टाकून मोकळे होतो. मग कालच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांत जे पाणी दिसते, ते आपल्या डोळ्यांत का येत नाही, याचे आपल्याला कोडे पडते. त्या स्त्रीने प्रीती करण्याचा प्रयत्न केला असे लूक लिहीत नाही. पुष्कळ क्षमा झाली म्हणून तिची प्रीती पुष्कळ होती. योहानाच्या पहिल्या पत्रातही हाच क्रम आहे: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. तेव्हा ताई, "मी किती प्रीती करते?" हे रोज मोजणे काही काळ थांबवावे. त्याऐवजी रात्री दहा मिनिटे दिवसभराकडे मागे वळून पाहावे. वर्गात कोणत्या मुलाला सर्वांसमोर तोडून बोलले, कोणाच्या यशाने पोटात दुखले, सासूबाईंना औषध देताना हातात काय होते आणि मनात काय होते, हे नाव घेऊन प्रभूसमोर ठेवावे आणि त्याची क्षमा स्वीकारल्याशिवाय उठू नये. आमच्याकडे पापनिवेदनाच्या तयारीसाठी हे शिकवतात, पण त्याला पंथाचे बंधन नाही. काही दिवसांत ५० आणि ५०० यांच्यातले अंतर किती कमी आहे ते कळू लागते. ते सुखाचे नसते, हेही सांगून ठेवतो.

१२व्या शतकातील क्लेअरवोच्या संत बर्नार्डने प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. माणूस आधी स्वतःसाठी स्वतःवर, मग स्वतःच्या लाभासाठी देवावर, मग देवासाठीच देवावर प्रीती करतो. आणि चौथ्या पायरीवर स्वतःवरही तो देवासाठीच प्रीती करतो. ही चौथी पायरी या जन्मात क्वचितच आणि क्षणभरच लाभते, असे त्याचे मत होते. संकटात देवाकडे धावते असे आपण थोड्या कमीपणाने लिहिले आहे. ती दुसरी पायरी आहे. ती लाजेची गोष्ट नाही, तिसरीकडे जाणारी वाट तिच्यावरूनच जाते.

उत्तर ४ (वाचक, सोलापूर)

पालखीविषयी एवढेच: हेवा वाटून घेऊ नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर तुकोबांचा अभंग आणि कीर्तनाचा बाज मागे टाकला नाही. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारत त्यांनी तो आपल्या मंडळ्यांना दिला. आपण गायकवृंदात त्यांची पदे गातच असाल. फक्त आपण ती स्वर आणि ताल सांभाळत गातो. एखादे पद घरी, पेटीशिवाय, हळू म्हणून पाहावे.

उत्तर १ यांचे पुन्हा लेखन

पुण्याच्या बंधूंची हरकत मान्य आहे, मात्र इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पत्रात प्रभु उपायही सांगतो, तोही पाहावा: तू कोठून पडलास याची आठवण कर, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर. पश्चात्तापाविषयी वसईच्या बंधूंनी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. आठवणीविषयी थोडे सांगतो.

ताई, महिनाभर १०३ऱ्या स्तोत्राची पहिली ५ वचनेच वाचा. देवाचे उपकार विसरू नकोस, असे दावीद तिथे स्वतःच्या जिवाला बजावतो आणि मग ते उपकार मोजू लागतो. त्यात पापांची क्षमा पहिली आहे, रोगमुक्ती तिच्यानंतर. आपल्या सभांमध्ये हा क्रम उलटला आहे. साक्षी बहुतेक नोकरीच्या, शस्त्रक्रियेच्या आणि मुलांच्या निकालाच्या असतात. त्याही द्याव्यात, देव त्यांचाही दाता आहे. परंतु क्षमा मिळाल्याची साक्ष मी गेल्या कित्येक वर्षांत क्वचितच ऐकली आहे, आणि ज्या मंडळीत ती ऐकू येत नाही तिथे एकट्याने पहिल्या प्रीतीची आठवण जागी ठेवणे फार कठीण जाते. बुधवारच्या सभेत अशी एखादी साक्ष आपणच द्यावी, असे सुचवतो. मोठी नको, दोन-चार वाक्यांची पुरे. आपल्यामागून आणखी कोणीतरी उठेल, असा माझा अंदाज आहे.