दीडशे माणसांसाठी बार्बेक्यूचं चिकन-मटण गरम आणि सुरक्षित कसं ठेवायचं? (गिरणारे, मोकळं शेत, बजेट १५ हजार)

गिरणारे_फाटा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जानेवारीत आमच्या दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन नाशिकजवळच्या गिरणाऱ्यात शेतावर आहे. मांसाहारी १५० जण. शाकाहारींची सिगडी, टेबल, वाढपी सगळं वेगळं आहे, त्यामुळे तो विषय इथे नको.
मेनू: तंगडी ३०० नग, बोनलेस टिक्का १५ किलो, मटण खिम्याचे सीख कबाब १० किलो. ४ फूट बाय दीड फुटाच्या लोखंडी सिगड्या ३, भाजायला सहा जण.
अडचण अशी की भाषणं संपून ८ वाजता सगळे एकदम जेवायला येणार. तेवढ्यात ३ सिगड्यांवर एवढं निघणार नाही, म्हणून ६ वाजता भाजायला सुरुवात करावी लागेल. म्हणजे पहिला माल दोन तास थांबणार. संध्याकाळी धरणाच्या बाजूने वारा असतो, थंडीही असते. शेतावर लाइटचं एकच सिंगल फेज कनेक्शन आहे आणि त्याचा भरवसा नाही.
भाडं आणि खरेदी मिळून १५ हजार. काय घेऊ?

देवळाली_कॅम्प
चाफिंग डिश, म्हणजे खाली गरम पाण्याचा ट्रे आणि ज्योत असलेलं झाकणाचं भांडं. ९ लिटरच्या सहा भाड्याने घ्या, प्रत्येकीखाली जळणाऱ्या जेलच्या दोन डब्या, झालं काम. आमच्याकडे सगळे कार्यक्रम यावरच होतात.
फक्त भाड्याने आणताना झाकणं मोजून घ्या. शहरातल्या एका मंडपवाल्याने आम्हाला दोन डिश झाकणांशिवाय पाठवल्या होत्या आणि भाडं मात्र पूर्ण घेतलं.

मायक्रो_लॅब
चाफिंग डिश गरम ठेवते, गरम करत नाही, हे आधी लक्षात घ्या. ४५ अंशाला आलेलं चिकन तिच्यात टाकलं तर तासाभरानंतरही ते पन्नाशीच्या आसपासच राहील, आणि तोच सगळ्यात वाईट पट्टा आहे.
५ ते ६० अंशांमध्ये जंतू वाढतात. मोठ्या जेवणावळींत मांसातून त्रास होतो तो बऱ्याचदा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचा. त्याचे बीजाणू (जंतूचं टणक, सुप्त रूप) भाजण्यात मरत नाहीत, आणि ४३ ते ४७ अंशांत तो सगळ्यात झपाट्याने वाढतो. दुसरा स्टॅफिलोकॉकस, जो हाताळणाऱ्याच्या हातावरून येतो. त्याचं विष एकदा तयार झालं की परत गरम करूनही जात नाही. म्हणून "निवलं तर परत सिगडीवर टाकू" हे प्रत्येक वेळी चालत नाही.
आकडे लिहून ठेवा. चिकन आतून ७४ अंश झाल्याशिवाय सिगडीवरून उतरवायचं नाही. खिमा ७१. ठेवताना ६५च्या खाली जाऊ द्यायचं नाही. जे ६०च्या खाली दोन तास राहिलं ते टाकून द्यायचं, वास चांगला असला तरी. उन्हाळ्यात हवा ३२ अंशांच्या वर असेल तर हीच मुदत एक तास.

निफाडची_थंडी
जानेवारीत आमच्याकडे पारा कुठे जातो हे दरवर्षी पेपरात येतंच. त्या हवेत उघड्यावर ठेवलेली तंगडी ताटात पडेपर्यंत गार होते. चाफिंग डिश उत्तम, पण वाऱ्याचं काय?
जेलची ज्योत वाऱ्याने आडवी होते आणि उष्णता ट्रेला लागतच नाही. टेबलाच्या तीन बाजूंनी पत्रा किंवा प्लायचा आडोसा लागतो. चौथी बाजू उघडी ठेवा, नाहीतर ज्योत गुदमरते. मंडपाचं कापड ज्योतीजवळ लावू नका. २०० ग्रॅमची डबी साधारण दोन-अडीच तास चालते, वाऱ्यात त्याहून कमी.

देवळाली_कॅम्प
वरती सांगितलंच की, सहा घ्या. पाणी मात्र खालच्या ट्रेमध्ये आधीच उकळतं ओता, दोन बोटं. गार पाणी ओतून जेलवर तापायची वाट बघाल तर अर्धी डबी त्यातच जाईल.

मायक्रो_लॅब
हे बरोबर. आणि जेलची डबी जळत असताना तिच्यात भर घालू नका, उजेडात ती ज्योत दिसत नाही.

सातपूर_फॅब्रिकेशन
भाड्यावर पैसे कशाला घालवता? अन्न गरम ठेवायची पेटी बनवून घ्या, आयुष्यभर कामाला येते. अँगलचा सांगाडा, ३ फूट उंच, २ बाय २. आत आणि बाहेर स्टेनलेसचा पत्रा, मध्ये ग्लासवूल. आत सरकते ट्रे ५, सगळ्यात खाली निखाऱ्यांचा ट्रे, त्याच्यावर पाण्याचा ट्रे. निखाऱ्यांवर राख पसरली की आच मंद राहते, पाण्याच्या वाफेने मांस सुकत नाही. वर एक इंचाचं भोक, त्यावर फिरती पट्टी. दाराला डायलचा थर्मामीटर बसवा, आत ७५-८० अंश धरून ठेवायचं.
निखाऱ्याजवळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा अजिबात वापरू नका, तापला की जस्ताचा धूर येतो. स्वस्तात बनवणारे तोच लावतात.
मी बनवलेली अशी पेटी एकदा भरली की शंभर तंगड्या आरामात घेते.

गिरणारे_फाटा
छान आहे, पण १५ हजारांत बसेल का?

सातपूर_फॅब्रिकेशन
स्टेनलेसमध्ये नाही बसणार. पण वस्तू कायमची आहे, बॅचच्या वर्गणीतून करा.

वायरमन_अंबड
इलेक्ट्रिक बेन मारी (गरम पाण्यात अन्नाचे डबे ठेवायचं यंत्र) घ्या, वाऱ्याचा प्रश्नच मिटतो. तापमानाचं बटण असतं, ८५ला लावलं की पाणी तेवढंच राहतं. चार खणांची २ किलोवॅटची धरली तर दोन लागतील. ४००० भागिले २३०, म्हणजे १७ अँपिअरच्या वर. एका १६ अँपिअरच्या पॉइंटवर दोन्ही चालणार नाहीत. शेतावरच्या लाइनवर हा भार टाकू नका, ७.५ केव्हीएचा जनरेटर घ्या. वायर अडीच स्क्वेअर एमएमची, पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवून भार दिला की ती तापते. ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, कारण खाली ओलं गवत आणि वर पाण्याचं यंत्र.

निफाडची_थंडी
जनरेटरचं भाडं आणि डिझेल यातच त्यांचे १५ हजार जातील. धागा वाचता का?

पाथर्डीफाटा
एवढं अवघड का करताय? दुपारी ३ वाजता सगळं अर्धं भाजून ठेवा, ८ वाजता फक्त चटका द्या. सगळे केटरर हेच करतात. लोकांना सिगडीवरून थेट गरम मिळतं.

मायक्रो_लॅब
कृपया हे करू नका. या धाग्यात याहून धोक्याचा सल्ला नाही. अर्धं भाजलेलं चिकन बाहेरून ८० आणि हाडाजवळ ४० अंश असतं. त्यात सगळे जंतू मेलेले नसतात, आणि पुढचे पाच तास त्यांना उबदार घर मिळतं. शेवटचा चटका बाहेरूनच लागतो.
आधी करायचंच असेल तर पूर्ण शिजवा, पातळ थरात पसरा, दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५च्या खाली आणा, मग वाढण्याआधी परत आतून ७४. शेतावर हे जमणार नाही, त्याला फ्रिज लागतो.

पाथर्डीफाटा
वर्षानुवर्षं सगळीकडे चालतं, कोणाला काही होत नाही. आणि तसंही तुमची तंगडी हाडापाशी गुलाबीच निघणार, मग काय टाकून देणार का?

केटरिंगवाली_ताई
गुलाबी रंगावरून कच्चं-पक्कं ठरवू नका, दोन्ही बाजूंनी फसगत होते. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर उतरतो, ७४ झालं तरी हाडाजवळ लालसर दिसतं. आणि तिखट-हळदीच्या मसाल्यात कच्चंही शिजलेलं दिसतं. टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, पाचशेच्या आतबाहेर मिळतो. दोन घ्या, एक भाजणाऱ्यांकडे, एक वाढणाऱ्यांकडे. सळई मांसाच्या सगळ्यात जाड भागात जाऊ द्या, हाडाला टेकू देऊ नका, हाडाचा आकडा वेगळा येतो. आणायच्या दिवशी तपासून घ्या: बर्फ आणि थोडं पाणी यात ०, उकळत्या पाण्यात आपल्या नाशिकच्या उंचीवर ९८च्या आसपास. १०० आला नाही म्हणून परत करू नका. बंदुकीसारखा लेझरचा घेऊ नका, तो फक्त वरचा पृष्ठभाग मोजतो आणि फॉइलवर तर चुकीचंच दाखवतो.

आता मूळ प्रश्न. दादा, तुमचे तिन्ही पदार्थ एका पद्धतीने ठेवता येत नाहीत.
तंगडी तास-दीड तास चांगली राहते, हाड आणि चरबी आहे. बोनलेस टिक्का ६५ अंशांवर अर्धा तास राहिला की कोरडा, तासाभरात दोरखंडासारखा. सीख कबाब वाफेत ठेवले की पाणी सोडतात आणि उचलताना तुटतात. त्यामुळे ठेवायची ती तंगडीच.

त्यासाठी ५०-६० लिटरचा जाड आइस बॉक्स घ्या. ज्यात कच्चं चिकन आणाल तो नव्हे, वेगळा. वापरायच्या अर्धा तास आधी त्यात ७५-८० अंशांचं पाणी अर्ध्यापर्यंत भरून झाकण लावा. खळखळ उकळतं ओतलं तर आतलं प्लास्टिक वाकतं. पाणी काढा, पुसा, तळाला जाड टॉवेल. तंगडी सिगडीवरून उतरवली की दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, जास्त नाही, मग स्टीलच्या खोल ट्रेमध्ये, वर फॉइल घट्ट. ट्रे बॉक्समध्ये, उरलेली जागा टॉवेलने भरून टाका. भरलेला बॉक्स तीन-चार तास धरतो, अर्धा रिकामा असेल तर तासाभरात उतरतो. थर्मामीटरची सळई एका तुकड्यात खुपसून ठेवा. आणि बॉक्स सारखा उघडायचा नाही. एका वेळी एक पूर्ण ट्रे काढा आणि तो संपेपर्यंत झाकण बंद. जुन्या ट्रेवर नवीन माल ओतायचा नाही, ट्रेच बदलायचा. फॉइलवर मार्करने वेळ लिहा.

देवळाली_कॅम्प
फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवा, उष्णता परत आत फिरते.

सातपूर_फॅब्रिकेशन
उलट. चकचकीत बाजू बाहेर.

केटरिंगवाली_ताई
काही फरक पडत नाही. दोन पत्रे एकत्र लाटताना एक बाजू चकाकते, एवढंच. कडा घट्ट दुमडा, त्याने फरक पडतो.

निफाडची_थंडी
ताईंच्या बॉक्समध्ये भर: विटा. कोरड्या विटा सिगडीच्या कडेला तासभर तापवा, फॉइल आणि मग जाड कापडात गुंडाळून, खाली लाकडी फळी टाकून ठेवा. विटा ओल्या असतील तर तापताना फुटून उडतात. आणि धुराच्या चवीसाठी जिवंत निखारा बॉक्समध्ये ठेवू नका. धुंगार द्यायचा तो उघड्यावर, पातेल्यात.

गिरणारे_फाटा
सगळ्यांचे आभार. वहीत हिशोब मांडला तो असा.
एका सिगडीवर तंगड्या ४५ नीट बसतात, तिन्हींवर १३५. एक घाणा ३५-४० मिनिटं. टिक्का त्याच सिगड्यांवर मधल्या वेळात १०-१२ मिनिटांत होतो.
१५० माणसांना एकदम वाढायचंय म्हणून सगळी यातायात आहे. तेव्हा एकदम वाढायचंच नाही असं ठरवलं. अ, ब, क तुकड्या होत्याच. अ ७.३०ला जेवेल, ब ८.१५ला, क ९ला. ज्यांची पाळी नाही ते मैदानात भाषणं आणि गाणी ऐकतील. प्रत्येक तुकडीत ५० जण, म्हणजे १०० तंगड्या, आणि एक घाणा १३५चा. वरच्या ३५ तेवढ्या आइस बॉक्समध्ये. सीख कबाब रद्द, त्या १० किलो मटणाचं काळ्या मसाल्याचं सुकं करून मोठ्या पातेल्यात उकळतं ठेवतो. टिक्का सिगडीवरून थेट ताटात.
चाफिंग डिश नाही, पेटी नाही, जनरेटर फक्त दिव्यांसाठी. खरेदी: आइस बॉक्स एक, थर्मामीटर दोन, ट्रे आणि चिमटे.

देवळाली_कॅम्प
क तुकडी ९ वाजेपर्यंत थांबणार नाही, आधीच सिगडीभोवती गर्दी करेल. चार तरी चाफिंग डिश घेऊन ठेवा.

सातपूर_फॅब्रिकेशन
पेटी असती तर हे वेळापत्रक लागलंच नसतं.

मायक्रो_लॅब
मला हे आवडलं. जे ठेवावंच लागत नाही ते बिघडतही नाही. मटणाचं पातेलं मंद आचेवर चालू राहू द्या आणि तळापासून ढवळा, वर उकळी दिसली तरी मधला गोळा गार असू शकतो.
उरलेलं कोणी डब्यात भरून नेणार असेल तर ६५च्या वर राहिलेलंच द्या, आणि घरी पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. टेबलावर उघडं राहिलेलं देऊ नका.

केटरिंगवाली_ताई
तीन गोष्टी राहिल्या. कच्च्याचे आणि भाजलेल्याचे चिमटे वेगळे, कच्च्याच्या मुठीला लाल टेप गुंडाळा, अंधारात गोंधळ होतो. कच्चं चिकन ज्यात मुरवलं तो मसाला शेवटी ब्रशने लावू नका, त्यासाठी तूप-लिंबू वेगळं काढून ठेवा. आणि क तुकडीचं मुरवलेलं चिकन ९ वाजेपर्यंत बर्फातच हवं. खाली बर्फ, मध्ये डबे, वर बर्फ, वितळलेलं पाणी काढत राहा. हवा गार आहे म्हणून ते टेबलावर काढून ठेवाल, ते नको.

गिरणारे_फाटा
टेप आणि बर्फ यादीत घातले. ताई, १५ किलो टिक्का आणि १०० तंगड्यांना बर्फ किती लागेल?

केटरिंगवाली_ताई
चिकनच्या वजनाइतका धरा आणि वर एक लादी जास्त. लादी फोडूनच आणा, शेतावर हातोडी सापडत नाही.