उपदेशाला 5 पैकी किती गुण?

दीपस्तंभ
‘नवा उपदेशक’ यांनी काल या गटावर लिहिलंय की चर्चमध्ये दर उपासनेनंतर दारापाशी चिठ्ठ्या ठेवाव्यात, मांडणी, आवाज, उदाहरणं, लांबी यांना लोकांकडून 5 पैकी गुण घ्यावेत. आणि जो उपदेशक हे करत नाही त्याला वाढायचंच नाही, तो गर्विष्ठ आहे. ते ‘गर्विष्ठ’ मला झोंबलं. हा प्रयोग मी स्वतः केलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

3 महिने चिठ्ठ्या घेतल्या. सुरुवातीला उपयोग झाला, नाकारत नाही. मी वाक्याचा शेवट गिळतो, शास्त्रपाठ भरभर वाचतो, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पण पुढे शनिवारी रात्री तयारीला बसलो की वचनाच्या आधी चिठ्ठ्याच डोळ्यांपुढे यायला लागल्या. मत्तय 18 मधल्या निर्दय चाकराच्या दाखल्यावर संदेश होता. धन्यानं अफाट कर्ज माफ केलं, हे मी रंगवून सांगितलं. त्याच चाकरानं बाहेर पडताच सोबत्याची नरडी धरली आणि शेवटी त्याचं काय झालं, ते दोन वाक्यांत उरकलं. कारण आदल्या आठवड्यात ‘फार कठोर बोलता’ अशा 4 चिठ्ठ्या आल्या होत्या. त्या रविवारी जवळजवळ सगळ्यांनी 5 पैकी 5 दिले. घरी आल्यावर त्या चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन बसलो आणि मला रडू आलं. अर्धं वचन मी माझ्या हातानं झाकलं होतं.

इस्राएलचा राजा अहाब याच्यापुढे सुमारे 400 संदेष्टे त्याला हवं तेच एका सुरात बोलले. गुण कुणाला मिळाले असते? खरं सांगणाऱ्या मीखाया संदेष्ट्याला तर तुरुंग मिळाला. यहेज्केल 33 मध्ये लोक गोड गळ्याचं गाणं ऐकावं तसे ऐकायला येतात, पण करत काहीच नाहीत. 2 तीमथ्य 4 मधले, कानाला गोड वाटेल तेच सांगणारे शिक्षक जमवणारे लोक, मी लिहायला नकोत.

नवा उपदेशक
‘गर्विष्ठ’ शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

पौलाच्या काळातला उपदेशक अपुल्लोस वक्तृत्वात तरबेज, शास्त्रात मुरलेला, आवेशानं बोलणारा. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे शिकवण अजून अपुरी होती. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी त्याचं ऐकलं, त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग जास्त नीट समजावून दिला. तंबू शिवणारं जोडपं ते! ती दोघं ‘आपण कोण सांगणारे’ म्हणून गप्प बसली असती तर? एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये स्पर्जनला एक निनावी माणूस दर आठवड्याला त्याच्या उच्चारांच्या आणि बोलण्यातल्या चुकांची यादी पाठवायचा. हजारोंची गर्दी खेचणारा तो उपदेशक, पण त्या माणसाबद्दल त्याच्या मनात कृतज्ञताच राहिली. आणि प्रेषित पौल तरुण उपदेशक तीमथ्याला सांगतो की तुझी प्रगती सर्वांना दिसून यावी. सर्वांना दिसायची तर सर्वांना विचारायला नको का?

तुम्ही घाबरलात, दादा. दोष चिठ्ठीचा नव्हता.

दीपस्तंभ
घाबरलो, हे मीच वर लिहिलंय. पण अपुल्लोसाला कुणी गुण दिले नाहीत. त्याला बाजूला घेतलं, समोर बसवलं. त्यात वेळ गेला असेल, प्रेम लागलं असेल. पेन्सिलीनं आकड्याभोवती गोल करायला यातलं काहीच लागत नाही.

मागचा बाक
तुम्ही दोघंही उपदेशक आहात. ऐकणाऱ्यांपैकी कुणी बोललं तर चालेल का?

11 वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ दारूतून बाहेर पडायची धडपड करत होता. आईनं आमच्या चर्चच्या पाळकांना घरी बोलावून सगळं सांगितलं, प्रार्थना झाली. पुढच्याच रविवारी उधळ्या पुत्रावर संदेश होता. ‘आपल्याच मंडळीतलं एक घर आहे, आई रात्र रात्र जागते...’ नाव घेतलं नाही. गरजच नव्हती, माना आमच्या बाकाकडे वळल्या. भाऊ शेजारीच होता. त्यानंतर तो आजवर मंडळीत आला नाही. दारू सुटली, देवाची कृपा, मंडळीही सुटली.

त्या दिवशी दारात लोक पाळकांचे हात हातात घेऊन म्हणत होते, ‘आज संदेश काळजाला भिडला.’ आम्ही गप्प घरी आलो. चिठ्ठी ठेवली असती तर मी लिहिलं असतं. तोंडावर बोलायची माझ्यात तेव्हा हिंमत नव्हती.

जुनी वही
ताई, वाईट वाटलं. पण 34 वर्षं पाळकपण केलेला माणूस म्हणून दुसरी बाजू मांडतो. जिवंत उदाहरणाशिवाय संदेश म्हणजे नुसता वर्ग. आणि तुमच्या पाळकांनी नाव घेतलं नव्हतं. पौलानं घेतलंय! युवदीया आणि सुंतुखे या दोघींनी एकचित्त व्हावं, असं फिलिप्पैच्या पत्रात सरळ लिहिलंय, आणि ते पत्र मंडळीसाठीच होतं. हल्ली सगळेच फार हळवे झालेत. त्या आईची वेदना ऐकून दुसरं एखादं घर सावरलंही असेल, ते कुणी मोजायचं?

मागचा बाक
‘हळवे’? माझा भाऊ 11 वर्षं घराबाहेर आहे, देवाच्या घराबाहेर, आणि तुम्ही दुसरं घर मोजताय? मेंढरू हरवलं की नव्याण्णवांना सोडून त्याच्या मागे जायचं, असंच ना तुम्ही 34 वर्षं सांगत आलात?

पाळकाचा मुलगा
नावावरून ओळखलंच असेल. मी 9 वर्षांचा असताना एकदा खोटं बोललो. ते खोटं मी 20 वर्षांचा होईपर्यंत दर वर्षी निदान एकदा व्यासपीठावरून ऐकलं. लोक प्रेमानं हसायचे. वडिलांवर माझा जीव होता, अजूनही त्यांच्या वह्या जपून ठेवल्यात. पण घरात त्यांना काही सांगताना मी शब्द तोलायचो, कारण रविवारी ते कुठे निघेल याचा नेम नव्हता. शेवटी आईनं त्यांना एकदाच सांगितलं, ‘मुलगा तुमच्याशी बोलायचा थांबलाय.’ त्यांनी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात उपयोगी अभिप्राय तोच असावा. ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही.

आणि पौलाबद्दल. त्याच ओळींत तो म्हणतो की या दोघींनी सुवार्तेच्या कामी माझ्याबरोबर श्रम केले, त्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत, त्यांना साहाय्य करा. लोकांना उदाहरण हवं म्हणून त्यानं त्यांना उभं केलं नव्हतं.

जुनी वही
नाथान संदेष्ट्यानंही दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला गोष्टच सांगितली!

नवा उपदेशक
कोकरीची सांगितली, पाळकसाहेब. आणि ती राजाच्या तोंडावर. दाविदाची गोष्ट चौकात जाऊन दुसऱ्यांना सांगितली नाही.

जुनी वही
तुम्ही तिघं मिळून मलाच आरोपी करताय. मी त्या ताईंचा पाळक नव्हे!

दीपस्तंभ
आरोपी कुणीच करत नाहीये, पण ‘हळवे’ हा शब्द तुम्ही लिहिलात. मी नियम पाळतो तो असा: कुणाचा अनुभव सांगायचा तर आधी परवानगी घ्यायची.

मागचा बाक
परवानगी कधी विचारता? उपासनेच्या 10 मिनिटं आधी, व्हरांड्यात, चार माणसांत? पाळकांना नाही म्हणणं किती अवघड असतं, हे व्यासपीठावरून दिसत नाही. आई तर ‘हो’च म्हणाली असती. भावाला कुणी विचारलं असतं?

दीपस्तंभ
बरोबर आहे. मी शनिवारी फोन करून विचारतो आणि आजवर एकानंही नकार दिलेला नाही. याचा मला अभिमान होता. आता वाटतं, एकही नकार नाही याचीच काळजी करायला हवी होती.

पदविकेचं दुसरं वर्ष
मूळ प्रश्न बाजूला राहिला म्हणून लिहिते. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन यानं पाचव्या शतकात हीच अडचण सांगितली आहे. मंडळीत सगळे शांत बसतात, मधेच कुणी प्रश्न विचारत नाही, तेव्हा बोलणाऱ्यानं चेहरे पाहायचे. समजल्याची हालचाल दिसेपर्यंत तोच मुद्दा फिरवून फिरवून सांगायचा, समजला की तिथेच थांबायचं. तो असंही म्हणतो की सगळं पाठ करून येणाऱ्याला हे जमत नाही.

आमच्या वर्गात सरावाच्या संदेशानंतर ‘कसा वाटला’ विचारायला मनाई आहे. ऐकणाऱ्यानं फक्त सांगायचं की वचन काय म्हणत होतं, कुठे धागा सुटला आणि आता त्यानं काय करावं असं त्याला वाटतं. माझ्या पहिल्या संदेशानंतर तिघींनी तीन वेगळे विषय सांगितले. मी एकच बोलले होते, असा माझा समज होता. गुण दिले असते तर तिघींनीही 4 दिले असते.

नवा उपदेशक
हे प्रश्न मी उचलतो. 5 पैकीचे रकाने काढतो. पण चिठ्ठी निनावी ठेवणारच, ‘मागचा बाक’ यांच्यासारख्यांसाठी. तेवढं तरी मान्य करा, दादा.

दीपस्तंभ
जीवावर येतंय, पण मान्य. घायाळ माणसाला नाव लिहायला लावू नये. मात्र चिठ्ठ्या उपदेशकानं एकट्यानं शनिवारी रात्री वाचू नयेत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी दोघांनी आधी वाचाव्यात आणि त्याला समोर बसवून सांगावं. मी एकटा वाचत गेलो आणि वाहवलो. निर्दय चाकराचा दाखला या महिन्यात पुन्हा घेतोय. शेवटासकट.

जुनी वही
कालपासून इथे फिरकलो नव्हतो. रागावलो होतो. रात्री जुन्या वह्या काढल्या, संदेशांच्या. एका पानावर एका विधवा बहिणीच्या घरातली गोष्ट लिहिलेली सापडली. पुढे समासात माझ्याच अक्षरात: ‘लोक हेलावले.’ त्या बहिणीनं नंतर दुसऱ्या मंडळीत जायला सुरुवात केली होती. कारण मी कधी विचारलं नाही, घर लांब पडत असेल असं धरून चाललो.

उदाहरणाशिवाय संदेश उभा राहत नाही, हे माझं मत कायम आहे. पण स्वतःचं मोडलेलं सांगावं. दुसऱ्याचं नको. ताई, तो शब्द मी वापरायला नको होता. त्या बहिणीचा पत्ता आहे माझ्याकडे, पत्र लिहावं म्हणतो.

मागचा बाक
पत्र नको, पाळकसाहेब. घरी जा. सोबत कुणाला नेऊ नका, प्रार्थना करू का असं लगेच विचारू नका, आधी तिचं ऐकून घ्या. ती काही बोलली नाही तरी चहापुरतं बसा. आणि तिथे जे होईल ते कुठल्याही रविवारी सांगू नका. इथेही नाही.