च्याओ वाड्याची छपरं आत का उतरतात

कुणीतरी लिहिलंय की चीनच्या शान्शी प्रांतातला च्याओ घराण्याचा वाडा बाहेरून किल्ल्यासारखा रुक्ष दिसतो. अहो, तो मुद्दामच तसा बांधलाय! मूळपुरुष च्याओ ग्वेफा यांनी पाओथौ शहरात चारा आणि टोफू विकून सुरुवात केली. पुढे पेढ्या आल्या, पैसा आला, मग चोरांची धास्तीही आलीच. म्हणून 10 मीटरच्या आसपास उंच भिंती, आणि सगळं वैभव आत.

बरीच छपरं एकाच बाजूला, चौकाकडे उतरतात. पावसाचं पाणी म्हणजे संपत्ती, ती आपल्याच अंगणात पडावी ही तिथली समजूत. मला हे फार आवडतं. दारातून शिरलं की 80 मीटरची फरसबंदी गल्ली, टोकाला पूर्वजांचं देवघर. विटांवरची कोरलेली द्राक्षं-डाळिंबं मात्र अगदी जवळ जाऊन बघा. दाण्यांसारखी मुलंबाळं वाढावीत, ही त्यामागची इच्छा.