'आपली माणसं मुळातच बुटकी' म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

हिंगोलीची ताई: काल 'परभणीकर' यांनी लिहिलं की आपली माणसं जन्मजात ठेंगणी, गोऱ्यांच्या मापानं मोजून सरकार लेकरांना उगाच कुपोषित ठरवतं. वाचून राहवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या लेकरांच्या वाढीच्या तक्त्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्या दिल्लीतली लेकरं मोजली होती, सगळी खाऊनपिऊन सुखी घरची. पाच वर्षांपर्यंत सहाही ठिकाणी उंची जवळपास सारखीच भरली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सर्वांत गरीब घरांत 46 टक्के लेकरं खुजी निघाली, सर्वांत श्रीमंत घरांत 23. आता बोला.

परभणीकर: ताई, आमच्या घरी दोन म्हशी. दुधातुपाला तोटा नव्हता, तरी बाप पाच फूट दोन, मी पाच तीन. हे कोणत्या तक्त्यात बसवता?

कोयता_बीड: म्हशी तुमच्या दावणीला होत्या, दादा. आमचं लेकरू दिवाळीनंतर ऊसतोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वाढतं. पहाटे आई फडात, ते पाचटावर निजलेलं, सोबत कालची भाकर नि ठेचा. अंगणवाडीत नाव गावाकडं अन् लेकरू कोल्हापूरला.

भरतीवाला: उंचीचा विषय निघालाच आहे तर, पोलीस भरतीला पोरांना 165 सेंमी लागतात, पोरींना 155. माझी 164 भरली. सोळाशे मीटरला गटात पहिला यायचो, पण मोजपट्टीनंच घरी पाठवलं. लहानपणी पोटाला मिळालं नाही आणि आता त्याचीच शिक्षा.

लातूर अकॅडमी: वर्दीला रुबाब लागतो, बापू. दंगलीत जमाव अंगावर आला तर? नियम सैल केला तर उद्या पळण्याची वेळही वाढवा म्हणाल.

भरतीवाला: पळणं कष्टानं सुधारतं, सर. एकविसाव्या वर्षी हाड कुठून वाढवू? फी घेताना उंची का मोजत नाही तुम्ही?

लातूर अकॅडमी: तोंड सांभाळून. आम्ही पहिल्याच दिवशी मोजतो. पोरंच म्हणतात, सर, लटकून वाढवतो.

कोयता_बीड: माझ्या पुतणीचं तेच झालं, 153. तिची आई सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलत होती. त्याचे मार्क कोण देणार?

परभणीकर: बरं, दिल्लीचं मानलं, तुम्ही जिंकलात. पण म्हशींचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

हिंगोलीची ताई: देते. एकाच घरातले दोघं भाऊ कमी-जास्त उंच होतात ते आई-बापाकडून आलेलं, तिथं तुमचं खरं. पण गरीब आणि श्रीमंत घरांच्या आकड्यांत एवढी दरी पडते ती उपाशी आई, टँकरचं पाणी आणि सारख्या लागणाऱ्या जुलाबांमुळं. तुमच्या वडलांच्या लहानपणी म्हशी होत्या का, ते विचारा आधी.

परभणीकर: वडलांचा जन्म दुष्काळातला. आजीला विचारून सांगतो.