डमी बॅटरीवर टाइमलॅप्स: शटर पडला की कॅमेरा बंद का होतो?

फ्रेमवाला

मिररलेसवर सलग ३६ तासांचा टाइमलॅप्स घ्यायचाय, दर १० सेकंदांना एक फ्रेम. मूळ बॅटरी ७.२ व्होल्ट, १०२० एमएएच. ती सव्वादोन तासांत आटपते, म्हणून डमी बॅटरी (बॅटरीच्या आकाराचं रिकामं कवच, बाहेरची वीज कॅमेऱ्यात नेणारं) लावलीय.

जोडणी अशी: २०,००० एमएएचची पॉवर बँक (५ व्होल्ट, २.१ अँपियरचा पोर्ट), त्यातून यूएसबी केबल, पुढे एमटी३६०८ चं स्टेप-अप (व्होल्टेज चढवणारं) मॉड्यूल ८ व्होल्टवर लावलेलं, तिथून २ मीटर वायर (जुन्या चार्जरची कापलेली) आणि शेवटी डमी.

डमीच्या टोकाला मल्टिमीटर ८.०२ दाखवतो. कॅमेरा चालू होतो, मेनू, लाइव्ह व्ह्यू सगळं ठीक. शटर दाबलं की कधी फ्रेम मिळते, कधी स्क्रीन काळी. तीन-चार फ्रेमच्या आत हमखास जातो. स्विच बंद-चालू केला की पुन्हा जिवंत. मूळ बॅटरीवर असलं काही होत नाही. व्होल्टेज ८.४ पर्यंत वाढवून पाहिलं, फरक शून्य. उलट बॅटरीचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसत असतानाच बंद पडतो.

दुसरी भानगड: इंटरव्हल ६० सेकंद ठेवला आणि कॅमेरा मध्ये झोपला, की थोड्या वेळाने पॉवर बँकच बंद होते.

कपॅसिटर लावला तर सुटेल का? लावायचा तर केवढा?

कथीलधूर

८.०२ हा आकडा विसरून जा. तो बिनभाराचा आहे. मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन बदलतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही. कॅमेऱ्याला मात्र ती दिसते. दोन सेलचा कॅमेरा साधारण ६ ते ६.५ व्होल्टच्या आसपास बॅटरी संपली असं समजून बंद होतो. चिन्ह भरलेलं दिसतं कारण ते निवांत असतानाच्या व्होल्टेजवरून काढलेलं असतं.

आता व्होल्ट सोडून वॅटमध्ये हिशोब करा. शटर चार्ज होणं, लेन्सची मोटर, स्क्रीन आणि कार्डवर लिहिणं एकदम आलं तर क्षणभर २ अँपियर धरून चाला. हे जास्त वाटत असेल तर कंपन्यांचे स्वतःचे अडॅप्टर बघा, निकॉनचा ईएच-५बी ९ व्होल्टला ४.५ अँपियर देणारा आहे. उगाच नाही देत.

८ व्होल्ट × २ अँपियर = १६ वॅट. स्टेप-अपची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत १८.८ वॅट लागतात, म्हणजे ५ व्होल्टला ३.७ अँपियरच्या वर. तुमचा पोर्ट २.१ चा. तिथेच विषय संपतो. तुम्ही ८.४ केलंत तेव्हा आतून ओढला जाणारा प्रवाह आणखी वाढला, म्हणून फायदा झाला नाही. आणि त्या छोट्या मॉड्यूलला सलग १ अँपियरच्या वर ताणूच नये.

वायरचं वेगळंच. चार्जरच्या वायरी बऱ्याचदा २८ एडब्ल्यूजीच्या (जाडीचं माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक) असतात, मीटरला साधारण ०.२१ ओहम. २ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ४ मीटर, ०.८५ ओहम. २ अँपियरला १.७ व्होल्ट वायरीतच गेले. १८ एडब्ल्यूजीला हेच ०.१७ व्होल्ट होतात.

खात्री करायची असेल तर दोन चाचण्या:

एक, कॅमेरा पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर टाका आणि स्क्रीन बंद करून फ्रेम घ्या. पडझड थांबली किंवा खूप कमी झाली, तर प्रवाहाचा झटकाच कारणीभूत आहे. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (फक्त पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक) नको, त्यात शटर पुन्हा ताणला जातोच.

दोन, कॅमेरा काढा. डमीच्या टोकांना ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावा आणि त्याच टोकांवर मीटर धरा. ८ व्होल्टला १.७ अँपियर जातात आणि रेझिस्टर १३-१४ वॅट खातो, म्हणजे त्याच्या ऐपतीबाहेर. दोन-तीन सेकंदच ठेवा, पक्कडीत धरा, बोटात नको. ७.२ च्या खाली गेलं तर जोडणी नापास.

मागचा_पडदा

इतकं कशाला? डमीच्या तोंडाशी ४७०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर टाका. झटका तो सांभाळेल.

कथीलधूर

सांभाळणार नाही, गणित करून बघा. पुरवठा १ अँपियर कमी पडतोय आणि झटका २० मिलिसेकंदांचा आहे असं धरा. १ × ०.०२ ÷ ०.००४७ = ४.२ व्होल्टची घसरण. कॅमेरा गेला. झटका १ मिलिसेकंदाचा असेल तरच घसरण ०.२ व्होल्टवर राहते. शटरची मोटर एक मिलिसेकंदात उरकत नाही.

वर मोठा रिकामा कपॅसिटर जोडताक्षणी शॉर्टसारखा वागतो. काही पॉवर बँका तेवढ्यानेच संरक्षणात जातात आणि मग माणूस बँकेला शिव्या घालत बसतो. बाकी सगळं नीट झाल्यावर १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर टाका, टोकदार झटक्यांसाठी तेवढा पुरे. अशक्त पुरवठ्याला तो औषध नाही.

मागचा_पडदा

मान्य. २० मिलिसेकंद डोक्यातच आले नव्हते.

उघडझाप

निदान बरोबर आहे, आता बांधणी. मुळात ५ वरून ८ वर चढायचंच नाही. वरून खाली उतरा.

पॉवर बँकेला पीडीवाला (यूएसबी पॉवर डिलिव्हरी, उपकरणाशी बोलणी करून जास्त व्होल्टेज देणारा) टाइप-सी पोर्ट असेल तर ९ व्होल्टचा पीडी ट्रिगर बोर्ड (बँकेकडून ठरावीक व्होल्टेज मागून घेणारी छोटी पट्टी) घ्या. १२ चा घेऊ नका. पीडीच्या ठरलेल्या पातळ्या ५, ९, १५ आणि २० आहेत. १२ देणं बंधनकारक नाही, त्यामुळे १२ मागितले की बऱ्याच बँका ९ किंवा थेट ५ वर येतात. ९ व्होल्ट मात्र १५ वॅटच्या वरच्या प्रत्येक पीडी स्रोताने द्यायलाच हवेत.

१५ व्होल्ट का नाही? चालतील, पण बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) मॉड्यूलचा स्विच शॉर्ट होऊन मेला तर आत आलेलं व्होल्टेज जसंच्या तसं कॅमेऱ्यात जातं. ९ गेले तर कॅमेरा वाचण्याची आशा असते, १५ गेले तर नाही.

९ वरून ७.६ वर या. ८ चा हट्ट नको: ८ साठी बकला ८९ टक्के ड्यूटी (आतला स्विच चालू राहण्याचा वेळ) लागते, बरीच मॉड्यूलं तिथे धापा टाकतात. ७.६ ला ८४ टक्के, निवांत. दोन सेलची बॅटरी ६ ते ८.४ मध्ये फिरत असते, ७.६ त्याच पट्ट्यात बसतं. मॉड्यूल सिंक्रोनस बक (डायोडऐवजी दुसरा स्विच वापरणारं) घ्या, ३ अँपियरचं. एलएम२५९६ चं बक इथे नको. ३ अँपियरला त्याच्या स्विचवरच १.२ व्होल्टच्या आसपास पडतात, तुमच्याकडे शिल्लकच १.४ आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: बक कॅमेऱ्याजवळ ठेवा. लांब केबल लागणार असेल तर ती ९ व्होल्टच्या बाजूला असू द्या, तिथली घसरण बक सांभाळून घेतो. बकपासून डमीपर्यंत १८ एडब्ल्यूजीची वायर, २० सेंटीमीटर, बास. या तुकड्यात सुटणारी जोडणी ठेवायचीच असेल तर बॅरल जॅक मोजून घ्या. ५.५ × २.१ चा प्लग ५.५ × २.५ च्या सॉकेटात शिरतच नाही, पण २.१ च्या सॉकेटात २.५ चा प्लग घातला की २.१ ची पिन त्यात सैल बसते. हलकासा धक्का लागला की वीज तुटते, आणि लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी. शक्यतो जॅक गाळा आणि थेट सोल्डर करा.

जोडण्याचा क्रम चुकवू नका:

मूळ बॅटरी हातात घ्या, मीटरने तिचे + आणि − शोधा आणि डमीवर मार्करने खुणा करा. डमीच्या लाल-काळ्या वायरीवर विश्वास ठेवू नका, उलट्या जोडलेल्या सापडतात. मधले एक-दोन संपर्क तापमान किंवा माहितीसाठी असतात, त्यांना वीज द्यायची नाही.

मॉड्यूल कॅमेऱ्याशिवाय चालू करा, ७.६ लावा, मग रेझिस्टर लावून पुन्हा बघा. मॉड्यूलवरचे हे छोटे प्रीसेट (व्होल्टेज लावायचे स्क्रू) बरेच वेढे फिरतात, सुरुवातीचे दहा-पंधरा वेढे काहीच हलत नाही आणि मग एकदम हलतं. कॅमेरा जोडलेला असताना तो स्क्रू फिरवणं म्हणजे आगीशी खेळ. एकदा लागला की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. प्रीसेटचा संपर्क सुटला तर काही मॉड्यूलं आउटपुट वर नेतात, तेव्हा हौस असेल तर प्रीसेट काढून ठरावीक रेझिस्टर बसवा.

बकच्या आधी ३ अँपियरचा फ्यूज.

आणि जुन्या बॅटरीचं कवच वापरून डमी करणार असाल तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उघडू नका. लिथियम-आयनचा सेल भोसकला गेला तर टेबलासकट पेटतो. रिकामी डमी तयार मिळते, तीच घ्या.

रात्रपाळी

पॉवर बँक बंद का होते ते राहिलं. तिला काही तरी जोडलेलं आहे हे ती प्रवाहावरून ओळखते. साधारण ५० ते १०० मिलिअँपियरच्या खाली काही काळ गेलं की फोन भरला असं समजून ती पोर्ट बंद करते. झोपलेला कॅमेरा एवढाही खात नाही. उपाय दोन. कॅमेऱ्याचं ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा, किंवा बँकेच्या दुसऱ्या पोर्टवर कायमचा भार ठेवा. रात्रभर उघड्यावर असाल तर लेन्सला दव पडतंच, तिथे यूएसबीची ड्यू हीटर पट्टी लावा. ३ ते ५ वॅट खाते, बँक जागी राहते, काच कोरडी. पण ती सुरुवातीलाच जोडा. काही बँकांमध्ये दुसरं उपकरण लावलं की पीडीची बोलणी पुन्हा होतात आणि ९ व्होल्टचा पोर्ट क्षणभर जातो.

क्षमतेचं: २०,००० एमएएच हे ३.७ व्होल्टचे, म्हणजे ७४ वॅट-तास. बँकेची झीज आणि बकची झीज वजा केली (०.८५ × ०.९) तर हातात ५६ उरतात. तुमची ७.३ वॅट-तासांची बॅटरी सव्वादोन तासांत जाते म्हणजे सरासरी ३.२ वॅट. १७-१८ तास मिळतील. ३६ नाहीत. हीटर त्याच बँकेवर असेल तर तेवढेही नाहीत, त्याला वेगळी बँक द्या आणि कॅमेऱ्याच्या बँकेला ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवून जागं ठेवा.

सरासरी खाली आणा: स्क्रीन आणि इमेज रिव्ह्यू बंद, स्टॅबिलायझेशन बंद (ट्रायपॉडवर ते तसंही नडतं), वाय-फाय-ब्लूटूथ बंद, फोकस मॅन्युअल. व्हाइट बॅलन्सही ठरावीक ठेवा, नाहीतर रंग फ्रेमगणिक उड्या मारतील.

पॉवर बँक एकीकडून चार्ज होत दुसरीकडून देते म्हणून तिला यूपीएस समजू नका. चार्जर लावताना-काढताना बऱ्याच बँका क्षणभर आउटपुट सोडतात.

कॅमेऱ्यातला इंटरव्हल टायमर वीज गेली की मोहीम विसरतो. बाहेरचा इंटरव्हलोमीटर स्वतःच्या सेलवर चालतो. वीज परत आली आणि कॅमेऱ्याचा स्विच चालूच असेल, तर पुढच्या ठोक्याला काम सुरू.

कार्ड: ३६ तास म्हणजे १२,९६० फ्रेम. २५ फ्रेमच्या वेगाने ८ मिनिटं ३८ सेकंद. २५ एमबीची रॉ धरली तर ३२४ जीबी, ८ एमबीची जेपेग धरली तर १०४. ९९९९ नंतर क्रमांक ०००१ वर येतो आणि नवा फोल्डर उघडतो, म्हणून नंतर फायली नावाने नव्हे, वेळेने लावा.

फ्रेमवाला

चाचण्यांचे आकडे. जुन्या जोडणीला ४.७ ओहम लावला, सेकंदभर ४.६ दिसले आणि बँकेने मान टाकली. नवी जोडणी (पीडी ९, सिंक्रोनस बक, २० सेंटीमीटर वायर): बिनभार ७.६०, भारावर ७.५४. मेकॅनिकल शटरवर ३०० फ्रेम, एकदाही बंद नाही. स्क्रीन वगैरे बंद केल्यावर सरासरी २.१ वॅट.

म्हणजे २६ तास. उरलेल्या १० साठी बँक मध्येच बदलायची तर काय करावं?

उघडझाप

दोन ट्रिगर बोर्ड, दोन बँका, प्रत्येकीच्या + मध्ये ५ अँपियरचा शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), पुढे दोन्ही एकत्र करून बकला. डायोडमध्ये ०.४ च्या आसपास जातात, म्हणून बक ७.४ वर आणा आणि रेझिस्टरची चाचणी पुन्हा घ्या. दुसरी बँक पहिली संपायच्या तासभर आधीच जोडा आणि लगेच पहिली काढून घ्या. दोन्ही पहिल्यापासून जोडल्या तर प्रवाह जिचं व्होल्टेज किंचित जास्त तिच्याकडूनच येतो आणि दुसरी रिकामी बसून झोपी जाते.

डायोड नको असतील तर दोन फ्रेमच्या मध्ये, कार्डचा दिवा विझल्यावर, पटकन बदला. एखादी फ्रेम जाईल. ढगांमध्ये ती उडी दिसत नाही, घड्याळ किंवा सावली चौकटीत असेल तर दिसते.

रात्रपाळी

बदलताना बॅटरीच्या झाकणाला हात लावू नका. आत बारीक स्विच असतो, झाकण केसभर उचललं तरी कॅमेरा बंद होतो. डमीची वायर झाकणाच्या कोपऱ्यातल्या रबरी खाचेतून काढलीय ना? ती खाच सोडून वायर तशीच दाबून झाकण लावलं असेल, तर पहाटेच्या गारव्यात प्लास्टिक आखडल्यावर तोच स्विच सुटतो.