मदत हवी आहे: पांतानीचे वॅट जुळत नाहीत, रविवारच्या आत उत्तर पाहिजे

तर्रीसायकल (नागपूर)
दोन दिवस डोकं पिकलंय. टूर द फ्रान्सवाले दोन सायकलपटू, पांतानी आणि पोगाचर, दोघांचे किलोमागे वॅट (अंगाच्या दर किलोला किती ताकद लावली ते) काढतोय. भानगड नको म्हणून एकच घाट घेतला, फ्रान्समधला प्लातो द बेय. १५.८ किमी, सरासरी ७.९ टक्के, म्हणजे चढ १२४८ मीटर. पांतानी १९९८ ला साधारण साडेत्रेचाळीस मिनिटं, पोगाचर २०२४ ला साधारण ३९ मिनिटं ५० सेकंद. एक्सेलमध्ये पांतानी ४.६९ येतो, पोगाचर ५.१२. बाकी सगळीकडे सहाच्या वरचे आकडे दिसतात. आणि माझे स्वतःचे चिखलदऱ्याच्या घाटात २.६ आहेत. म्हणजे पांतानी माझ्या दुप्पटसुद्धा नाही?
रविवारी पोह्यांवर पैज लागली आहे. काय चुकतंय तेवढंच सांगा. ट्रेनिंगचे सल्ले नकोत.

फुटाळा_पहाटे
सल्ला नको म्हणालात तरी सांगतो, सेमिनरी हिल्सला आठवड्यातून दोनदा दहा-दहा चकरा मारा. दोन महिन्यांत ३ च्या वर जाल. माझा अनुभव आहे.

घाटवेडा
सूत्र कोणतं वापरलं ते लिहिलंच नाही की.

तर्रीसायकल
सूत्र काय, नववीतलंच. एम जी एच, म्हणजे वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची, भागिले सेकंद. किलोमागे काढायचं म्हणून एम उडवला. राहिलं ९.८१ गुणिले १२४८ भागिले २६१०. यात चुकायला जागाच कुठे आहे?

मास्तर_निवृत्त
जागा आहे. एम उडवलात तिथेच. पांतानी घाट पायी चढला का? सायकल, बूट, पाण्याची बाटली हे सगळं त्यानेच वर नेलं ना?

वऱ्हाडी_पेडल
सायकल हलकी घ्या भाऊ. मी कार्बनची घेतली अन् दुनियाच बदलली. तुमची कोणती आहे?

तर्रीसायकल
माझी अल्युमिनियमची, १२ किलो. पण प्रश्न माझ्या सायकलचा नाही.

वऱ्हाडी_पेडल
१२ किलो!! मंग काऊन रडून राहिले पांतानीच्या नावानं.

मास्तर_निवृत्त
मांडून दाखवतो. पांतानी ५७ किलो धरा, सायकल आणि अंगावरचं मिळून ९ किलो. एकूण ६६. नुसतं उंचीला लागले ३१० वॅट. तुमच्या हिशोबात हेच २६७ येतात, कारण तुम्ही ५७ च उचलले. पुढे टायर रस्त्याला घासतात त्याचे १५-१६. मग हवा. घाटात हवा लागत नाही असं पुष्कळांना वाटतं, पण तो ताशी जवळपास २२ किमीने चढत होता. कोणाच्या मागे किती वेळ होता त्यावर ते ठरतं, ३० धरू. चेनमध्ये जातात आणखी सात-आठ. झाले ३६४ च्या आसपास. भागिले ५७. सव्वासहा ते साडेसहाच्या मधे कुठेतरी. दशांशाच्या दुसऱ्या घराला अर्थ नाही.

घाटवेडा
एवढं कशाला करता सर. व्हीएएम काढा. तासाला किती मीटर उभे चढला ते. १२४८ मीटर साडेत्रेचाळीस मिनिटांत म्हणजे तासाला १७२१. त्याला भागा २ अधिक चढाच्या टक्क्यांचा दहावा भाग, म्हणजे २.७९ ने, आणि मग शंभराने. ६.१७. पोगाचरचे ६.७ येतात. एका ओळीचं काम.

मास्तर_निवृत्त
एका ओळीत वाऱ्याचं काय केलंत? वजनाचं काय? ५७ किलोच्या माणसाला ९ किलोचं ओझं आणि ७५ किलोच्या माणसाला तेवढंच ओझं, दोघांना सारखंच पडतं का?

घाटवेडा
पैज पोह्यांची आहे सर, पीएचडीची नाही.

जुना_कॅरिअर
ते व्हीएएम काढलं कोणी माहिती आहे ना? फेरारी डॉक्टर. डोपिंगमध्ये सापडलेल्या सायकलपटू आर्मस्ट्राँगवालाच. आणि पांतानीचे १९९८ चे नमुने नंतर तपासले त्यात ईपीओ (बंदी असलेलं, रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध) निघालं, फ्रान्सच्या सिनेटच्या २०१३ च्या अहवालात आहे. मग कशाची तुलना करून राहिले तुम्ही?

फुटाळा_पहाटे
मग त्याच्याहून साडेतीन मिनिटं जोरात जाणाऱ्याचं काय?

घाटवेडा
पोगाचरवर आजवर काही सिद्ध झालेलं नाही, उगाच संशय नको. आणि त्या दिवशी तो एकटा नव्हता. खालून त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार्ड, त्याच्या टीमच्या जॉर्गनसनने जोर लावला, मग विंगेगार्ड स्वतः सुटला, पोगाचर त्याच्या चाकाला चिकटून होता. शेवटचे पाचेक किलोमीटर एकटा. ताशी २४ च्या जवळ वेग असला की पुढच्याची आड मिळणं म्हणजे आयतं गिफ्ट. टायर बदलले, खाणंही बदललं. आता तासाला शंभर ग्रॅमच्या वर कार्ब पोटात ढकलतात.

जुना_कॅरिअर
आमच्या वेळी वर्धा गाठायचो ते गुळ-शेंगदाण्यावर.

संत्रा_एक्सप्रेस
कोणी सांगेल का, चिखलदऱ्याला पावसाळ्यात सायकलनं जावं का? बायको म्हणते अस्वलं असतात.

वऱ्हाडी_पेडल
मेळघाट आहे तो, अस्वलं नाही तर काय ससे राहतील? सकाळी उजाडल्याशिवाय निघू नका अन् एकटे जाऊ नका.

तर्रीसायकल
अस्वलांचा वेगळा धागा काढा ना प्लीज. मास्तर, समजलं, सायकल राहिली. आता पैजेतला समोरचा गडी आल्प द्युएझ हा दुसरा घाट आणतोय. म्हणतो पांतानी ३७:३५ आणि आर्मस्ट्राँग ३९:४१, म्हणजे आर्मस्ट्राँग दोन मिनिटं हळू. हे तरी बरोबर ना?

मास्तर_निवृत्त
मुळीच नाही. घड्याळ कुठून सुरू केलं ते बघा. आर्मस्ट्राँगचे ३९:४१ हे २००४ च्या टाइम ट्रायलचे (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध), अंतर १५.५ किमी. पांतानीचे १९९७ चे ३७:३५ हे १३.८ किमीचे. खालचा सपाट तुकडा एकात आहे, दुसऱ्यात नाही. शिवाय एक ताजातवाना निघालेला, दुसरा अख्खा टप्पा मारून पायथ्याशी आलेला. वेळ सांगताना कुठून कुठपर्यंत ते सांगायचं, नाहीतर सांगायचंच नाही.
आता मला सांगा, तुमचे २.६ कुठून आले?

तर्रीसायकल
स्ट्राव्हा ॲपने दिले. वॅट मोजणारं पॉवर मीटर नाही माझ्याकडे.

मास्तर_निवृत्त
चढ किती, वेळ किती, वजन?

तर्रीसायकल
६५० मीटर, १ तास १० मिनिटं. वजन ७८.

मास्तर_निवृत्त
स्ट्राव्हा सायकलचं वजन धरतं, टायर आणि हवेचा अंदाजही लावतं. पांतानीला मात्र तुम्ही काहीच धरलं नाही. त्याला लावलेलं सूत्र स्वतःला लावा. ९.८१ गुणिले ६५० भागिले ४२००. दीड. तो ४.६९, तुम्ही १.५२. तिप्पट झाला की नाही?

घाटवेडा
आणि ते १ तास १० म्हणजे घरून घातलेलं घड्याळ की स्ट्राव्हाचा मूव्हिंग टाइम?

तर्रीसायकल
मूव्हिंग.

घाटवेडा
मधे किती थांबलात?

तर्रीसायकल
फार नाही. फोटो काढले. एका वळणावर भुट्टे होते. आणि चहा.

घाटवेडा
एकूण वेळ?

तर्रीसायकल
१ तास ५२.

वऱ्हाडी_पेडल
😂😂 पांतानीले कोणी भुट्टा दिला नाही बावा.

तर्रीसायकल
माझा आकडा पैजेत नाहीच. रविवारी पांतानी ६.३ आणि पोगाचर ६.८ सांगतो, साधारण म्हणून. दोघांनाही सायकल धरून. धागा बंद करायला हरकत नाही.

संत्रा_एक्सप्रेस
भुट्टा कोणत्या वळणावर मिळतो?