पाच लाखांत जुनी फोर बाय फोर: तुमचे अनुभव सांगा

भोर तालुक्यात नीरा-देवघरच्या वरच्या अंगाला आमची पावणेदोन एकर जागा आहे. डांबरी संपल्यावर दोन किलोमीटर कच्ची वाट, मधे एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे तांबड्या मातीचा उभा चढ. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमची साधी कार ओढ्याच्या अलीकडेच थांबते. गेल्या श्रावणात ७४ वर्षांच्या बाबांना तो चढ चिखलातून चालावा लागला. अर्ध्यावर ते दगडावर टेकले आणि म्हणाले, "बाई, आता मी येत नाही इकडे." ती जागा त्यांनीच उभी केलीय. त्याच रात्री फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायचं ठरवलं.

बजेट ५ लाख. त्यातले ५० हजार दुरुस्तीसाठी बाजूला काढलेत. वाट अरुंद आहे, म्हणून गाडी लहान हवी. जिप्सी, जुनी थार आणि डस्टर एडब्ल्यूडी (डस्टरचीच चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती) ही तीन नावं डोक्यात आहेत. जिम्नी आपल्याकडे आलीच २०२३ मध्ये, त्यामुळे वापरलेलीही हाताबाहेर जाते. ज्यांनी अशी गाडी घेतली, वापरली किंवा विकली त्यांनी मोकळेपणाने लिहा. कुठली घ्यावी यापेक्षा काय बघायचं राहून गेलं, ते वाचायला जास्त आवडेल.

*

ताई, सावंतवाडीहून लिहितोय. काजूच्या बागेसाठी २०१७ मध्ये जिप्सी घेतली, २००६ ची एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाली). १३०० सीसी पेट्रोल इंजिन, वजन टनाच्या आसपास. जड जीप जिथे रुतून बसते तिथून ही वरच्यावर निघून जाते. हा गुण दुसऱ्या गाडीत मला अजून मिळालेला नाही.

पण घेताना मी रंग बघितला आणि खाली वाकलो नाही. आधीचा मालक किनाऱ्यावरचा, गाडी वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या पाट्याचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे जोडकडी, चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बसतो तिथला पत्रा सुटला. वेल्डरने स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत गेला. ६५ हजार गेले. आता कुणाबरोबर गाडी बघायला गेलो की छोटी हातोडी नेतो. चासी ठोकत जायची. शाबूत जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. खालून ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला तर आधी तिथेच ठोका.

आणि बाबांना पुढच्या सीटवरच बसवा. पाट्यांची गाडी आहे, मागच्या आडव्या बाकावर त्यांची कंबर राहणार नाही.

*

मी जव्हार भागात सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. २०२० पासून २०१५ ची डस्टर एडब्ल्यूडी वापरते. रोज पन्नास-साठ किलोमीटर डांबरी आणि शेवटचा तुकडा चिखल, असं असेल तर हिच्यासारखी सुखाची गाडी नाही. मागचं सस्पेन्शनही स्वतंत्र आहे, त्यामुळे पाड्यावरून पेशंट आणताना त्याला धक्के कमी बसतात. लो रेशो (चढावर हळू पण जास्त ताकदीने चालवणारे जादा गिअर) नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलाय. तुमच्या उभ्या चढावर मात्र क्लचला त्रास होईल. शिवाय ती सव्वाचार मीटरहून लांब आहे, म्हणून वळायची जागा आधी मोजा.

दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. एक, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून पहिल्या आठवड्यात नवा टाकावा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. दुसरी, टायर. मी पैसे वाचवायला पुढचे दोनच नवे टाकले. पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक पडला, मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच सतत घासून तापायला लागला आणि डॅशबोर्डवर इशारा आला. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे नसतील तर किमतीतून चार टायरचे पैसे वजा करून मगच बोला.

*

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सी चालवतो. सफारीतून निघालेली जिप्सी स्वस्तात मिळते, पण मीटरवरचे आकडे बघून भुलू नका. आमच्या गाड्या दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, दर दोन मिनिटांनी थांबत चालतात. किलोमीटर कमी होतात, पण क्लच, स्टार्टर आणि किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ते खिळे) पार थकलेले असतात. पिवळी पाटी असेल तर परमिट रद्द होऊन खासगी नोंदणी होईपर्यंत विसाराच्या वर पैसा देऊ नये.

*

कोल्हापूरला माझं गॅरेज आहे, तीस वर्षं जीप आणि जिप्सीच करतोय. ताई, गाडीचं नाव नंतर ठरवा. आधी ती खरंच चारही चाकांनी चालते का ते बघा. जुन्या गाड्यांत निम्म्यांचा फोर बाय फोर जोडणारा छोटा लिव्हर कित्येक वर्षं कुणी हलवलेला नसतो.

मालकाला सांगून ठेवा की इंजिन थंड ठेव. मग गाडी मुरमाच्या किंवा शेतातल्या चढावर न्या. जिप्सीला पुढचे हब (चाक ताकदीला जोडणारे मधले तुकडे) हाताने फिरवायचे असतील तर दोन्ही लॉक करा. फोर-लो (चारही चाकं, लो रेशो) टाका, पहिला गिअर, आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच हळू सोडा. गाडी मुंगीच्या पावलाने वर चढली पाहिजे. लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा, उघडावा लागणार. एक माणूस बाहेर उभा करा आणि पुढची चाकं माती उडवतात का ते त्याला बघू दे. जुन्या थार सीआरडीईत (कॉमन रेल डिझेल इंजिनवालीत) हब आपोआप लॉक होतात, ते होत नसतील तर आतून काहीच कळत नाही, ही खूण फक्त बाहेरूनच दिसते.

ही परीक्षा कोरड्या डांबरीवर कुणी करू नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाड्यांत मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) नसतं. सगळा ताण क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) आणि गिअरवर येतो. मालक डांबरीवर फोर बाय फोर टाकून गोल फिरवून दाखवत असेल तर त्याने आजवर गाडी कशी चालवली तेही समजलं.

मग पुढच्या-मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचा प्लग उघडायला सांगा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ओढ्यातून गेलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. शेवटी ५०-६० च्या वेगाने खड्ड्यावरून न्या. स्टिअरिंग थडथडत राहिलं तर किंगपिनचे बेअरिंग बघावे लागतील.

अजून एक. फोर बाय फोर असली म्हणून चारही चाकं फिरतीलच असं नाही. एक पुढचं आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक हवेत गेलं की ताकद त्याच दोघांतून वाया जाते. थार सीआरडीईला २०१५ च्या फेसलिफ्टपासून मागे लॉकिंग डिफरन्शियल मिळू लागलं, ते मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवतं. तुमच्या वाटेवर खोल चाकोऱ्या असतील तर त्याचे जास्तीचे पैसे देण्यासारखे आहेत.

*

पुण्यातून. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळे तिकडे त्या फार स्वस्त दिसतात. मी एक थार तशीच आणली. एनओसीला (तिकडच्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याला) अडीच महिने गेले आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागला. वर बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलेलाच नव्हता. वाचवलेले सगळे पैसे त्यातच संपले. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हे दोन्ही धरूनच बजेट करा. कारच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० झालं होतं.

*

देवरुखजवळ माझी कलमं आहेत. मी चार वर्षं जिप्सी ठेवली आणि विकली. वाटेवरच्या वाईट चाळीस मीटरमध्ये जांभ्याचे चिरे बसवून घेतले आणि जाड नक्षीचे टायर लावलेली टू-व्हील बोलेरो आता बाराही महिने वर जाते. ताई, चढ किती लांबीचा आहे ते एकदा टेप लावून मोजाच. आणि थार बघत असाल तर लहान लिव्हर डोळ्यांनी बघा. जुन्या डीआय (साध्या डिझेल इंजिनच्या) थारमध्ये टू-व्हीलही यायची, २०२३ पासून नव्यातही येते. मागचा बिल्ला कुणीही चिकटवतो.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन गेले होते. चढ ३१० मीटर निघाला, म्हणजे चिऱ्यांनी भागणार नाही. ओढ्याशी वळायला जेमतेम पाच मीटर जागा आहे, डस्टर यादीतून गेली. दोन जिप्सी आणि लॉकिंगवाली एक थार बघायची आहे. थारचा मालक पावणेसहा म्हणतोय, तिथे बोलणी करावी लागेल. पहिली जिप्सी रविवारी साताऱ्यात. हातोडी पिशवीत टाकलीय, आणि बाबा म्हणाले, मीही येतो.